केळव्याचं पाणी

प्रेमलाच्या डोक्यावरचा तो गोल सगळ्यात आधी किंजलला दिसला. समोरच्या बिऱ्हाडात हळद होती. खाली मांडवात ढोलवाले येऊन बसले होते आणि मजल्यावरच्या बायका प्रेमलाच्या पुढच्या खोलीत गजरे माळत होत्या. किंजल म्हणजे शेजारच्या गुजराती घरातली सून. ती प्रेमलाच्या अंबाड्यात गजरा खोचता खोचता थांबली आणि म्हणाली, "काकी, हलू नका हं. इथे काय झालं?" प्रेमलाचा नवरा चंद्रभान दारात वाकून चपला शोधत होता. त्याने वर पाहिलं. किंजलने दोन बोटांनी केस बाजूला धरले होते आणि कानाच्या मागे, जरा वरच्या अंगाला, रुपयाएवढी जागा गुळगुळीत होती. जखम नाही, कोंडा नाही. तिथे केस कधी नव्हतेच, अशी. तिच्यावर ट्यूबलाइट चमकत होती.

"चाई पडली," एक बाई म्हणाली. "माझ्या दिराच्या मिशीत पडली होती. अर्धी मिशी घेऊन हिंडायचा. सासूबाई म्हणायच्या, उरलेली तरी काढ रे, लोक मला विचारतात." सगळ्या हसल्या. प्रेमलाही हसली. "बोईसरचं पाणी, दुसरं काय," असं म्हणून तिने केस त्या जागेवर ओढून घेतले आणि पदर सावरून उठली. तिने हात लावून पाहिलं नाही. डोक्यावर काही आहे असं कोणी म्हटलं की माणसाचा हात आधी तिथे जातो. तिचा गेला नाही. चंद्रभानला हे तेव्हा दिसलं होतं, पण कळलं नव्हतं. कळायला पुढे दिवाळी यावी लागली. आता प्रेमला नाही, तर तो न लावलेला हात त्याच्या डोळ्यापुढे येतो. तो चहा गाळत असतो, नाहीतर गॅलरीतला टॉवेल काढत असतो, आणि तो हात पदराकडे जातो, केसांकडे जात नाही.

बोईसरमध्ये केस गळले की पाण्याचं नाव घ्यायचं, ही रीतच आहे. बोअरचं पाणी जड, साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर धरतो. कोणी म्हणतो हवा खराब, कोणी म्हणतो कारखाने. संध्याकाळी वारा फिरला की खिडकीतून वास येतो आणि बायका दोरीवरचे कपडे ओढून आत घेतात. खरं किती, खोटं किती, कोण बघायला गेलंय. बिल्डिंगच्या खाली बबलूचं केस कापायचं दुकान आहे. तो गोरखपूरकडचा. चंद्रभानच्या कानामागे वस्तरा फिरवत तो म्हणाला, "भाभीजी को यहाँ का पानी सूट नहीं करता, भाईसाब. मेरा खुद का देखो, आया था तब हीरो था." आणि त्याने मान वाकवून आरशात आपलं टक्कल दाखवलं. चंद्रभान हसला. पण त्याच्या मनात दुसरंच चाललं होतं. तो तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कापडाच्या कारखान्यात रंगखात्याला होता. त्याच्या नखांच्या कडा कधी निळ्या असत, कधी तांबड्या, आणि दगडाने घासल्या तरी सणासुदीलाही पुरत्या स्वच्छ होत नसत. त्याच हातांनी तो घरी येई, त्याच हातांनी उशी झटकी. त्याला वाटलं, हे आपल्याच अंगावरून घरात आलं. तेव्हापासून तो कारखान्यातले कपडे दाराबाहेर काढू लागला आणि वेगळे धुऊ लागला. प्रेमला म्हणाली, "अहो, इतकी वर्षं मीही त्याच कारखान्यात होते. तुमचा रंग मला लग्नाआधीपासून लागलाय."

ते खरं होतं. ती पॅकिंगला होती, केळव्याहून यायची. घड्या घालून झालेल्या कापडाच्या गठ्ठ्यांमधून तिची वेणी तेवढी दिसायची, कमरेच्या खाली गेलेली, टोकाला अबोली. चंद्रभान चोपड्याकडचा. त्याच्या गावात बायकांचे केस उन्हाने भुरे झालेले असत. असे काळे, ओले वाटणारे केस त्याने तोवर पाहिले नव्हते. तिची आई साखरबाई लग्नानंतर बरीच वर्षं त्याच्याशी थेट बोलत नसत. "घाटावरच्यांना जेवण झालं का विचार गो," असं त्या प्रेमलाला त्याच्यासमोरच सांगत. नातू झाला, भाग्येशचं बारसं झालं, तेव्हा त्या पहिल्यांदा त्याला जावय म्हणाल्या.

तर पाण्याचा तोडगा साखरबाईंनीच काढला. केळव्याला त्यांची वाडी आहे. माड, सुपारी आणि सावलीत पानवेली. मधोमध विहीर, तिला त्या बाव म्हणतात. समुद्र सुरूच्या झाडांपलीकडे इतका जवळ की आजूबाजूच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, पण हिचं पाणी गोड राहतं. त्यांनी प्रेमलाचं डोकं उजेडाकडे फिरवलं, त्या जागेवर फुंकर घातली आणि चंद्रभानकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या नळाला काय येते ते देवाला ठावं. आमच्या बावीचं पाणी न्या. दर आयतवारी त्यानंच न्हाऊ घाला तिला. माझे केस बघा. एवढी म्हातारी झाले, हाय का कुठं टक्कल? नाय ना?" प्रेमलाचा धाकटा भाऊ अण्णा पंपापाशी उभा होता. तो म्हणाला, "आईचं पाणी म्हंजे गंगाच हाय. आमचं लग्न लांबलं तेवा पण हेच पाजलं होतं."

चंद्रभानला हे लगेच पटलं. घाटावरच्या माणसाला पाणी लांबून आणायचं म्हटलं की त्यात काही तरी खरं आहे असं वाटतं. त्याने आधी कारखान्यातला एक रिकामा कॅन धुऊन ठेवला होता. तो पाहून प्रेमला म्हणाली, "वा, विष काढायचं आणि ते विषाच्याच भांड्यात आणायचं." मग त्याने बाजारातून नवा निळा कॅन आणला. रविवारी सकाळी तो स्कूटर काढायचा. उमरोळी, पालघर, माहीम, केळवे. येताना कॅन पुढे पायांपाशी असायचा आणि प्रत्येक खड्ड्याला पाणी आतून त्याच्या पोटरीवर धडकायचं. सावकाश, एखादं जनावर अंग घासतं तसं. त्याला ते धडकणं अजून पोटरीत जाणवतं. कधी पहाटे झोपेत जाणवतं आणि तो पाय आवळून घेतो, कॅन पडू नये म्हणून.

दुपारी जेवणाआधी ती न्हायला बसायची. बाथरूममध्ये पाट, पाटावर ती, पुढे वाकलेली, केस गुडघ्यांवरून खाली. पहिल्या रविवारी ती म्हणाली, "मी घेईन माझं माझं." पण कॅन तिला उचलेना, म्हणून तो पाणी ओतायला उभा राहिला. मग शिकेकाई डोळ्यांत जाऊ नये म्हणून त्याने तिच्या कपाळावर हात धरला. मग तो हात मागे गेला. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने दिवसाउजेडी तिच्या केसांना असा हात लावलेला नव्हता. घर लहान, भाग्येशचा अभ्यास, मग त्याची नोकरी, कारखान्यातल्या पाळ्या, पाहुणे. केस हे तिचं काम होतं, जसा रंग हे त्याचं काम. आता त्याच्या बोटांत केसांचा ओला भार यायचा, कापडाचा ताका पाण्यातून काढताना येतो तसा, पण त्याहून जिवंत. पाणी मोरीकडे वाहायचं. त्याने आयुष्यभर गटारात रंगाचं पाणी जाताना पाहिलं होतं, तांबडं, निळं, शेवाळी. हे पाणी स्वच्छ होतं. शिकेकाईचा जरासा करडा फेस आणि खाली स्वच्छ पाणी. तो कितीदा तरी ओतता ओतता ते पाणीच बघत राहायचा. ती खालून म्हणायची, "झोपलात की काय? थंडी वाजतेय मला."

एका रविवारी त्याचा अंगठा त्या गोलावर थांबला. दिसायला गुळगुळीत, पण कातडीखाली काही तरी होतं, चिंचोक्यासारखं. दाबलं तर सरकेना. "इथे कडक लागतंय गं," तो म्हणाला. "दुखतं का?"

"नाही." केसांच्या पडद्याआड तिचा चेहरा दिसत नव्हता. "केस उगवायचे असतील. बी आधी कडकच असतं. तुम्ही घाटावरचे, तुम्हाला काय वाडीतलं कळतंय."

तो खूश झाला. सोमवारी कारखान्यात त्याने कोणाला तरी सांगितलंही, केस येतायत म्हणून. आता त्या वाक्याकडे तो परत परत जातो. दार बंद असलं की माणूस कडी वाजवून बघतो, तसा. ती तेव्हा काय बोलत होती? त्याला फसवत होती, की स्वतःला? की तिला खरंच तसं वाटलं होतं, वाडीतली बाई, बी आधी कडकच असतं? तो तिच्या आवाजाचा सूर आठवायचा प्रयत्न करतो, पण सुरावर पाण्याचा आवाज येतो. त्याच्या हातातला तांब्या तेव्हा ओतत होता. त्याने तो जरा थांबवला असता तर.

नवरात्राच्या सुमाराला पहिल्या गोलाशेजारी दुसरा दिसू लागला, फिकट, कडेला गुलाबी. चंद्रभान म्हणाला, "आता डॉक्टरला दाखवू." ती म्हणाली, "एवढा रविवार होऊ दे." पुढच्या रविवारीही तेच म्हणाली. त्या दिवशी न्हाऊन झाल्यावर ती केस पंच्यात बांधून गॅलरीत बसली होती. खाली कोणी तरी रिक्षा धूत होतं, रेडिओ चालू होता. ती त्याच्या हाताकडे बघत म्हणाली, "तुमचे हात चांगले आहेत हो. इतकी वर्षं कुठे होते?" त्याला लाज वाटली. तो म्हणाला, "पाळीला." ती इतकी हसली की पंचा सुटला. ते हसू त्याच्याकडे अजून पुरतं आहे. बाकीचं पुसट होत चाललंय, पण सुटलेला पंचा आणि एका बाजूला पडलेला ओल्या केसांचा ढीग जसाच्या तसा आहे.

दिवाळीनंतर पालघरला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले तेव्हा बाहेर बाकावर खरूज, नायटे झालेली लहान मुलं घेऊन माणसं बसली होती. त्यांच्यात प्रेमला नीट नेसलेली, गजरा घातलेली, लग्नाला निघाल्यासारखी. आत डॉक्टरीणबाईंनी त्या गोलांवरून बोट फिरवलं, चिमटीत धरून पाहिलं. मग मानेला हात लावला, मग काखेला. त्यांचा हात काखेत थांबला आणि त्या चंद्रभानला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता का?" बाहेर एक बाळ रडत होतं. चंद्रभानने त्याच्या हातात स्कूटरची किल्ली दिली तेव्हा ते गप्प झालं. त्याला आत बोलावलं तेव्हा प्रेमला ब्लाउजचा शेवटचा हूक लावत होती आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

"हे केसांचं दुखणं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कातडीचा तुकडा तपासायला पाठवू, पण मला जे वाटतंय ते सांगते. यांच्या छातीत गाठ आहे. तिथून ते रक्तावाटे वर आलंय आणि डोक्याच्या कातडीत बसलंय. जिथे बसतं तिथली केसांची मुळं मरतात. फार जणांना होत नाही, पण होतं. दिसायला चाईसारखंच दिसतं."

चंद्रभानने विचारलं, "मग पाणी बंद करू का?"

"कसलं पाणी?"

त्याने सांगितलं. केळवे, विहीर, कॅन. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "पाण्याचा काही संबंध नाही हो. त्याने बरंही होणार नव्हतं, वाईटही झालं नाही." मग त्यांनी प्रेमलाला विचारलं, "छातीतली गाठ कधीपासून आहे?" आणि प्रेमला कॅलेंडरकडे बघतच म्हणाली, "पावसाच्या आधीपासून." किंजलने केस बाजूला धरले तो दिवस आषाढ लागतानाचा होता.

येताना ती मागे बसली होती. तिने डोकं त्याच्या पाठीवर टेकलं, आणि त्याला वाटलं की शर्टातून ती कडक जागा आपल्या पाठीला लागते आहे. उमरोळीच्या पुढे त्याने मान थोडी वळवून विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"पुढे बघा," ती म्हणाली. "खड्डा आहे."

त्याने खड्डा चुकवला. परत विचारलं नाही. घरी भाग्येशला पुण्याला फोन करायचा होता, कुठलं हॉस्पिटल, कोणाची ओळख, हे सगळं सुरू झालं. मग मुंबईच्या फेऱ्या, सलाइन, उलट्या, आणि त्या सगळ्यात तो प्रश्न उमरोळीच्या पुढे रस्त्याच्या कडेलाच राहिला. अजून त्या वळणावर आला की तो स्कूटर हळू करतो.

औषधाने सगळेच केस गेले. सकाळी उशीवर, जेवताना ताटाशेजारी, शेवटी मुठीने. एका दुपारी तिने आरशात पाहिलं आणि म्हणाली, "बघा, आता कोणाला दिसतोय का गोल? सगळी चाई एकसारखी झाली." बबलूने वर येऊन उरलेले केस वस्तऱ्याने काढले. पैसे घेतले नाहीत आणि एक शब्दही बोलला नाही, म्हणून प्रेमलाच त्याला म्हणाली, "बबलूभाई, अब हम दोनों हीरो." पण रविवारचं पाणी तिने बंद केलं नाही. चंद्रभानने एकदा म्हटलं, डॉक्टर म्हणालेत, पाण्याचा संबंध नाही. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे." आणि पाटावर जाऊन बसली. तो त्या उघड्या डोक्यावर पाणी घालायचा. डोकं लहान होतं. इतके केस वाहणारं डोकं एवढंसं असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. पाणी कुठेच अडायचं नाही, सरळ मानेवरून घरंगळायचं. तो दोन्ही हातांनी ते डोकं धरायचा, गोलांवरून, गोलांच्या मधून, सगळीकडून हात फिरवायचा आणि ती डोळे मिटून बसायची. त्या वेळी तिला थंडी वाजत नसे.

शेवटच्या रविवारचा कॅन त्याने आणला आणि दारात ठेवला तोच तिला धाप लागली. हॉस्पिटलमधून ती परत आली नाही. कॅन कोणी तरी बाथरूममध्ये सरकवून ठेवला. तेराव्याला आलेल्या भाग्येशने तो पाहिला आणि म्हणाला, "बाबा, ओतून टाका तो, डास होतील." चंद्रभान म्हणाला, "झाकण घट्ट आहे." झाकण घट्टच आहे. तो आंघोळीला गेला की कॅन समोर असतो. हलवला तर आतून पाणी बाजूंना धडकतं, तसंच, सावकाश. कधी दुपारच्या झोपेत त्याला वाडी दिसते. तो विहिरीत वाकून बघतो. खाली पाण्यात काळं काही तरी पसरलेलं असतं, हलत असतं, आणि ते केस आहेत हे त्याला माहीत असतं, त्याची भीती वाटत नाही. तो पोहरा सोडतो. पोहरा केसांमधून जातो आणि भरून वर येतो, पाणी स्वच्छ असतं. मग कोणी तरी म्हणतं, झोपलात की काय, आणि तो जागा होतो.

परवाच्या रविवारी तो केळव्याला गेला, मोकळ्या हातांनी. वाडीत शिरला तर काही तरी चुकल्यासारखं वाटलं. पानवेली माना टाकून होत्या, पानं कडेने पिवळी. विहिरीवर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप अंथरलेले होते आणि त्यांवर दगड. अण्णा त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "भावोजी, तुमीच सांगा आता. आई बावीला हात लावू देत नाय. पंप चालू केला की फ्यूज काढून कनवटीला लावते. म्हणते, जे पाणी माझ्या पोरीला पावलं नाय ते येलीला कशाला पावेल. स्वता पण नळाचं पिते. वाडी जळून चालली हाय. माझं नाय ऐकत, तुमचं ऐकेल."

साखरबाई ओटीवर सुपाऱ्या सोलत बसल्या होत्या. त्यांचे केस तसेच, पांढरे पण दाट. त्यांनी त्याला पाट सरकवला, चहा आणायला सुनेला हाक मारली आणि हातातली सुपारी खाली ठेवली. "जावय, खरं सांगा. आमचं पाणी कमी पडलं का? तुमी आणखी आधीपासून न्यायला पायजे होतं, मीच उशिरा सांगितलं. का पाणीच वायट झालं माझ्या बावीचं?"

"नाही हो, आई," चंद्रभान म्हणाला. "पाणी चांगलं होतं."

"मग?"

त्याला सगळं सांगता आलं असतं. रोग आधी छातीत होता, डोक्यावर आला तो नंतर. पाण्याचा त्यात काही भाग नव्हता, पालघरच्या बाईंनी ते त्याच्या तोंडावर सांगितलं होतं. पण ते सांगितलं की साखरबाई पुढचं विचारणार. छातीत कधीपासून होता? मग तुमाला कुणाला कसं कळलं नाय? आणि त्याला म्हणावं लागणार, तिला ठाऊक होतं, आई. पावसाच्या आधीपासून. तुम्ही तिच्या डोक्यावर फुंकर घातली तेव्हाही ठाऊक होतं. तिने तुम्हालाही सांगितलं नाही. मग त्या विचारणार, का? आणि त्या का-चं उत्तर त्याच्यापाशी नाही. जे आहे ते उत्तर म्हणून सासूसमोर ठेवता येण्यासारखं नाही. एक पाट, वाकलेली मान, स्वच्छ वाहणारं पाणी, इतकी वर्षं कुठे होते. साखरबाई त्याच्याकडे बघत होत्या. चहा आला. त्याने कप घेतला.

"सगळं संपलं का नेलेलं?" त्यांनी विचारलं. "उरलं असेल तर गटारात नका ओतू हो. बावीचं पाणी माडाच्या मुळाशी ओतायचं असतं. घेऊन या इथं."

"संपलं," तो म्हणाला.

अण्णा त्याला रस्त्यापर्यंत सोडायला आला. सुरूंच्या पलीकडून समुद्राचा आवाज येत होता, शनिवार-रविवारची मुंबईची माणसं घोडागाडीतून ओरडत चालली होती. चंद्रभानने स्कूटर चालू केली. पायांपाशी जागा मोकळी होती, पण त्याने पाय सवयीने फाकवूनच ठेवले होते. माहीम, पालघर, उमरोळी. वळणावर त्याने स्कूटर हळू केली. खड्डा आता बुजवलेला आहे.

विहिरीवरचे झाप तसेच आहेत आणि अण्णाचा पंप बंद आहे. बाथरूममधला निळा कॅन भरलेला आहे. साखरबाईंना अजून सांगायचं राहिलं आहे.